दोन थेंब गवती चहा

"भाऊजी, मान खाली. अजून खाली. आता हलायचं नाही, मी मोजतेय."

वाईच्या आमच्या घरात, मागच्या पडवीत मी पाटावर बसलो होतो. अंगात बनियन, खांद्यावर जुना टॉवेल, आणि माझी वहिनी कुंदा माझ्या टाळूवर भिंग धरून उभी. शेजारी दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पेपर वाचत चहा पीत होता.

"सात!" वहिनी ओरडली.

"काय सात?"

"नवीन केस. बारीक आहेत, पण आलेत बरं का!"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. दादानं पेपर खाली ठेवला, वहिनीच्या हातातलं भिंग घेतलं आणि वाकून बघितलं.

"कुंदे, हे टॉवेलचे धागे आहेत," तो म्हणाला, आणि एक फुंकर मारून त्यानं माझे सातही केस उडवून लावले.

बावीस वर्षांपूर्वीच्या चैत्रातली ही रविवारची सकाळ. त्याच दिवशी अकरा वाजता मला मुलगी बघायला जायचं होतं. आणि ही मुलगी नाही म्हणाली असती, तर मी परत कुठंच जाणार नव्हतो. मनाशी तसं ठरवूनच टाकलं होतं.

मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो. 'पिसाळ मोटार ड्रायव्हिंग स्कूल' माझं होतं, म्हणजे एक जुनी जीप, एक पाटी आणि मी. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. थोडा तापट होतो, पण गाडी शिकवणारा तापट नसला तर शिकणारा ओढ्यात जातो. दगा दिला तो केसांनी. आधी पुढचे गेले, मग वरचे, आणि कानाच्या बाजूचे तेवढे इमानदार राहिले. पहिल्या मुलीकडून निरोप आला, मुलाचं वय जास्त वाटतं. दुसरीकडून आला, मुलाचं कपाळ जरा मोठं आहे. तिसरीच्या आत्यानं तर भर बैठकीत विचारलं, "मुलाचं हे दुसरं लग्न का?" त्या दिवसापासून मी आरशाकडे पाठ करून भांग पाडायला लागलो. भांग तरी कशाचा म्हणा!

तेवढ्यात कुंदावहिनी साताऱ्याला तीन दिवसांचा वर्ग करून आली. महिला मंडळात होता, 'सुगंधी तेलांतून केसांचं आरोग्य'. तिनं प्रमाणपत्र फ्रेम करून देवघराच्या शेजारी लावलं आणि बुटांच्या खोक्यात तपकिरी बाटल्या भरून आणल्या. रोजमेरी, लव्हेंडर, पुदिना, गवती चहा. वर्गात जे काही शिकली ते करून बघायला तिला एक डोकं हवं होतं. घरात रिकामं डोकं माझंच होतं.

"हे साधं तेल नाही भाऊजी, अर्क आहे अर्क," ती बजावायची. "पोतंभर पानं उकळली की एवढीशी बाटली भरते. म्हणून थेंबाच्या वर जायचं नाही. चमचाभर खोबरेल, त्यात दोन थेंब. आधी कोपराच्या आत लावून बघायचं, खाज सुटली तर नाही लावायचं. बोटांच्या पेरांनी चोळायचं, नखं लावायची नाहीत. आणि सहा महिने धीर धरायचा."

"सहा महिने?"

"मग काय! झाड लावल्यावर दुसऱ्या दिवशी आंबे मागता का?"

"खडकावर लावलं तर सहा वर्षांनी पण नाहीत," दादा पेपरामागून म्हणाला.

धीर हा माझा प्रांत नव्हे. मी मनात म्हटलं, दोन थेंबांनी सहा महिन्यांत येणार असतील, तर वीस थेंबांनी अठरा दिवसांत यायला काय हरकत आहे? वहिनी देवळात गेलेली बघून मी पुदिन्याचं तेल खोबरेलाशिवाय तसंच्या तसं टाळूवर ओतलं. अगं आई गं! आधी डोक्यावर बर्फाची लादी ठेवल्यासारखं झालं, मग तिच्याखाली कुणी चूल पेटवली. डोळ्यांतून धारा. बरोबर त्याच वेळी चिपळोणकरबाई शिकायला आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, वय एकसष्ट. त्यांनी रिव्हर्स टाकला आणि जीप सरळ उसाच्या रसाच्या गाड्यावर नेली. मी शेजारच्या सीटवर ढसाढसा रडत होतो. बाईंनी गाडी बंद केली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सर, मी पुन्हा नाही हो चुकणार. पण तुम्ही असं लावून घेऊ नका."

असो. सांगायची ती मुलगी राहिलीच.

दर बुधवारी मी माझ्या विद्यार्थ्यांना पसरणी घाटातून पाचगणीपर्यंत सरावाला न्यायचो. पौषातल्या एका बुधवारी बाजारात एक मुलगी गोणपाट अंथरून मधाच्या बाटल्या मांडून बसली होती. कपाळावर आठी, हातात विणकामाच्या सुया, आणि गिऱ्हाईक आलं तरी नजर सुयांवर.

"कुठला मध आहे?" मी विचारलं.

"मधमाशीचा."

हे उत्तर मला फार आवडलं. माझ्यासारखंच होतं.

"म्हणजे कसा आहे?"

"जांभळाचा. कडवट लागतो. गोड हवा असेल तर पलीकडे साखरेच्या पाकाचा मिळेल."

"नाही नाही, मला कडवटच आवडतो," मी म्हणालो. मला कारलंसुद्धा खपत नाही. मी वाकलो, खालची बाटली उचलली आणि दुसरं काही सुचेना म्हणून जीपकडे पळालो. पुढच्या बुधवारीही तेच. त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच.

सबंध थंडीभर तिनं मला पाहिलं ते माकडटोपीत. पाचगणीची थंडी म्हणजे काय विचारता! आईनं विणलेली तपकिरी टोपी होती, गळ्यापर्यंत ओढलेली, त्यातून नाक-डोळे बाहेर. तिला वाटत असणार, आत काळेभोर केस आहेत. मला तेवढंच पुरे होतं. टोपीत मी पंचविशीचा दिसायचो.

तांदळाच्या डब्यामागे वहिनीला मधाच्या अकरा बाटल्या सापडल्या तेव्हा बिंग फुटलं.

"भाऊजी, अस्वल तरी इतका मध खात नाही. कोण आहे ती?"

मी सांगून टाकलं. दादानं ओळखी काढल्या. मुलगी पांगारवाडीच्या धोंडिबा उत्तेकरांची, नाव वैजयंता, बापलेक मिळून मधाच्या पेट्या सांभाळतात. निरोप गेला आणि त्यांच्याकडून आला, बघायला या. आणि मग मी माती खाल्ली. केस येईपर्यंत थांबू म्हणून मी तारीख पुढं ढकलत राहिलो. एकदा आईचा गुडघा, एकदा जीपचा गिअरबॉक्स, एकदा तर न झालेला कांजिण्यांचा आजार. शेवटी धोंडिबांनी सांगून पाठवलं, "रविवारी येणार असाल तर या. सोमवारी दुसरं स्थळ यायचं हाय." आता काय करणार?

म्हणून तो रविवार. सात केस फुंकरीनं गेले होते आणि पुदिन्याच्या प्रतापानं टाळूला कोंडा सुटला होता. वहिनीनं गवती चहाची बाटली माझ्या हातात दिली.

"कोंडा बसतो यानं, वासही ताजा येतो. चमचाभर खोबरेलात दोन थेंब. किती?"

"दोन."

"शपथ?"

"शपथ."

ती साडी बदलायला आत गेली. मी खोबरेल घेतलं, दोन थेंब टाकले, आरशात बघितलं, आणि मनात म्हटलं, आज शेवटचा दिवस, आज काटकसर कशाला? अख्खी बाटली रिकामी केली. डाव्या कानावरचे लांब केस वरून फिरवून उजव्या कानापर्यंत नेले आणि तेलानं चापून बसवले. निघताना माकडटोपीसुद्धा पँटच्या खिशात कोंबली. म्हटलं, अगदीच धीर सुटला तर थंडी वाजतेय म्हणून घालू. चैत्रात!

"ती कशाला?" वहिनीनं बघितलंच. "गोंडासुद्धा राहिला नाही तिला. टाकून द्या."

"गोंडा गेला ते बरंच झालं. गोंडा बायकी दिसतो."

घाट चढताना दादा सारखा नाक वर करून हुंगत होता. "गाडीत चहा कुणी सांडला?"

वहिनीनं वळून माझ्याकडे नुसतं बघितलं. मी खिडकीतून निसर्ग पाहू लागलो.

पांगारवाडीत उत्तेकरांचं घर लहान, अंगण मोठं. जांभळाच्या झाडाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. कडेच्या बांधावर मधमाश्यांच्या लाकडी पेट्या ओळीनं ठेवलेल्या, आणि एक नवीकोरी पेटी तेवढी झाडाखाली, आमच्या खुर्च्यांच्या अगदी शेजारी. धोंडिबा पांढरा सदरा घालून हसत पुढं आले. शांत माणूस. त्यांच्याबरोबर मुलीचे बाजीमामा. ते हसले नाहीत. भाचीचं लग्न रीतीप्रमाणे लावून द्यायचा त्यांनी विडाच उचलला होता.

"बसा पावणं. मुलगी येईल, पोहे देईल, खाली बसेल. तुमी इचारायचं, तिनं सांगायचं. मधी कुणी बोलायचं न्हाय."

वैजयंता पोह्यांचा ट्रे घेऊन आली. अबोली रंगाची साडी, आठी तीच. माझ्यापासून चार हातांवर आली आणि थबकली. तिनं हवेत हुंगलं. मग माझ्या डोक्याकडे बघितलं. मग झाडाखालच्या पेटीकडे, मग परत माझ्या डोक्याकडे. तिचा चेहरा उतरलाच एकदम. झालं, मी म्हटलं. दिसलं टक्कल. आटोपला कारभार.

"तुम्ही जरा आत बसता का?" ती म्हणाली.

"वैजे!" मामा गरजले. "इचारल्याबिगर बोलायचं न्हाय."

"पण मामा..."

"बस खाली!"

ती बसली. वहिनीनं पदर सावरून सुरुवात केली. "नाव काय गं तुझं?"

"वैजयंता धोंडिबा उत्तेकर. आत चला ना तुम्ही सगळे."

"शिक्षण किती?"

"बारावी. उठा ना, लवकर उठा."

"मुलगी तिखट आहे," दादा माझ्या कानात पुटपुटला.

मला रडू यायचंच बाकी होतं. इतकी घाई? टक्कल बघून बाईमाणूस इतकं उतावीळ होतं का घालवून द्यायला? तेवढ्यात माझ्या भांगाच्या जागी एक माशी बसली. मी रुमालानं वारा घातला. आणखी दोन आल्या. चार आल्या. वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुमच्यावर माश्या बसतायत हो." आणि मग बांधाकडून असा आवाज आला, की जणू दळणाची गिरणीच कुणी चालू केली.

"मोहोळ उठलं!" वैजयंता ओरडली. "कुणी पळू नका!"

सगळे पळाले. दादा आणि वहिनी जीपमध्ये शिरले आणि काचा वर केल्या. बाजीमामा, रीतीचे कैवारी, कोंबड्यांच्या खुराड्यात चार पायांवर घुसले. मीही पळणार होतो, पण उठायला गेलो तोवर काळोख झाला. हजारो माश्या माझ्या डोक्यावर उतरल्या. कपाळावर, कानांवर, मानेवर. डोळे मी घट्ट मिटले. गरम, वळवळणारं, जड असं काहीतरी डोक्यावर वाढत गेलं. खरं सांगतो, माझं डोकं इतकं दाट आयुष्यात कधी नव्हतं.

धोंडिबा जागचे हलले नव्हते. बशीतले पोहे खाता खाता ते म्हणाले, "वैजू, तुझी माणसं तिकडं गेली बघ."

"दिसतंय मला," ती म्हणाली. आता तिचा आवाज अगदी माझ्या तोंडासमोर होता. "हलू नका. श्वास हळू सोडा. या चावत नाहीत आत्ता. घर सोडताना पोटभर मध पिऊन निघतात, सुस्त असतात. कुणी मारलं तरच चावतात. तुम्ही गाडी शिकवता ना? शिकणारा घाबरला की काय सांगता?"

"पाय ब्रेकवर. हात स्टिअरिंगवर," मी ओठ न हलवता म्हणालो.

"मग तसंच बसा. मला राणी शोधायचीय. राणी पेटीत गेली की बाकीच्या आपसूक जातात. तोवर बोलत राहा, म्हणजे तुमचं लक्ष राहील. डोक्याला काय लावलंय?"

"काही नाही."

"खोटं बोललं की घाम येतो. घामाचा वास यांना खपत नाही."

"खोबरेल."

"आणि?"

"गवती चहाचं तेल."

"किती?"

"दोन थेंब."

एक माशी माझ्या नाकपुडीच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाटली," मी म्हणालो. "अख्खी."

ऐकायला म्हणून वहिनीनं जीपची काच बोटभर खाली केली असावी, कारण तिथून तिची किंकाळी आली. "शपथ घातली होती मी!"

"तरीच!" वैजयंता पुटपुटली. मग म्हणाली, "त्या नव्या पेटीला मी आठ दिवस आतून गवती चहा चोळतेय. मोहोळ उठलं की तिच्यात यावं म्हणून. त्या वासानं माश्यांना आपलंच घर वाटतं. आणि तुम्ही बाटलीभर ओतून नेमके तिच्याच शेजारी येऊन बसलात. मी किती सांगत होते, आत चला, आत चला."

म्हणजे ती टकलासाठी म्हणत नव्हती! अशा अवस्थेतही मला बरं वाटलं.

"स्वयंपाक येतो का?" तिनं विचारलं. बोटं माझ्या कानामागे हळूहळू फिरत होती.

"अं?"

"विचारायला नको? तुमच्याकडचे गाडीत बसलेत. मीच विचारते."

"चहा येतो. अंड्याची पोळी येते."

"राग?"

"येतो. पटकन येतो, पटकन जातो."

"आत्ता आलाय?"

"नाही. आत्ता नुसती भीती आहे."

"मला गाडी शिकवाल?"

"हो."

"ओरडाल?"

"नाही." माशी नाकपुडीत एक पाऊल आत आली. "थोडं ओरडेन."

"मध कसा होता?"

"कडवट."

"आवडला?"

बत्तीस वर्षांत मी इतकं खरं कधी बोललो नव्हतो, पण एकदा सुरुवात झाली की माणूस थांबत नाही. "नाही. अजिबात नाही. अकराच्या अकरा बाटल्या तांदळाच्या डब्यामागे आहेत."

"मग दर बुधवारी का नेत होता?"

"तुमच्यासाठी."

तिची बोटं थांबली. धोंडिबांच्या बशीतला चमचाही थांबला.

"सापडली," ती हळूच म्हणाली. "बाबा, काडेपेटी द्या."

धोंडिबांनी काड्या खिशात ओतून रिकामी काडेपेटी दिली. राणी माझ्या उजव्या कानाजवळ होती, त्या लांबून आणलेल्या केसांच्या टोकाला धरून. वैजयंतानं तिला अलगद काडेपेटीत घेतलं आणि ती नव्या पेटीत नेऊन ठेवली. मग पेटी उचलून माझ्या खांद्याला लावून धरली. पंधरा मिनिटं धरून उभी होती, हात न बदलता. माश्या एकीमागून एक रांगेनं आत गेल्या. शेवटच्या दहा-वीस उरल्या असतील, तेवढ्यात खुराड्यातून बाजीमामांनी डोकं काढलं आणि "गेल्या का?" म्हणून टाळी वाजवली. दचकलेल्या एका माशीनं माझ्या कानाला डंख मारला. मी हललो नाही. खरंच नाही हललो! वैजयंतानं नखानं काटा खरवडून काढला आणि त्यावर पटकन मध लावला. कडवट मधाचा तेवढा एक उपयोग मला मान्य आहे.

डोळे उघडले. जीपच्या काचेत मला मी दिसलो. केसांची ती लांब पट्टी सुटून डाव्या खांद्यावर लोंबत होती, आणि वर चैत्राच्या उन्हात टाळू लखलखत होती. खोबरेलाची चकाकी होती ती वेगळीच. सगळं उघडं पडलं होतं.

मंडळी हळूहळू परत खुर्च्यांवर येऊन बसली. मामांच्या धोतराला कोंबडीची पिसं चिकटली होती, तरी ते म्हणाले, "आता रीतीपरमाणं मुलाकडच्यांनी सांगायचं."

"आम्हाला पसंत आहे!" वहिनी बसायच्या आतच म्हणाली.

"वैजू?" धोंडिबांनी विचारलं.

ती माझ्या डोक्याकडेच बघत होती. आता काय उरलं होतं लपवायला? मी म्हटलं, तिनं बोलायच्या आत आपणच बोलावं.

"एक मिनिट. थंडीत तुम्ही मला पाहिलंत ते टोपीत. ही टोपी." मी खिशातून काढून ती समोर धरली. "तुमची समजूत झाली असेल की आत केस आहेत. तर नाहीत. हे असंच आहे, आणि यापुढं वाढेल ते टक्कलच. सकाळी सात केस आले होते, पण ते टॉवेलचे निघाले. फसवून काही करायचं नाही मला. नाही म्हणायचं तर म्हणा."

तिनं माझ्या हातातून टोपी घेतली. उलटीसुलटी केली. आणि गोंडा गळाला होता बरोबर त्या जागेतून आपलं बोट आरपार काढून मला दाखवलं. रुपयाएवढं भोक.

"पहिल्या बुधवारीच दिसलं," ती म्हणाली. "बाटली उचलायला माझ्यासमोर वाकलात ना, तेव्हा. दर वेळी वाकायचात. दर वेळी दिसायचं."

वहिनीनं तोंडाला पदर लावला. दादा खुर्चीवरून पडायचाच राहिला. आणि मी? तीन महिने मी तेलं चोळली, तारखा पुढं ढकलल्या, कांजिण्या काढल्या, बाटलीभर अर्क डोक्यावर ओतला. आणि ते टक्कल थंडीभर या बाईच्या डोळ्यांसमोर नेमानं दर बुधवारी हजेरी लावून येत होतं.

"मग तुम्ही..." मी टोपीच्या भोकाकडे बघत म्हणालो. "तरी या म्हणून निरोप?"

ती उठली आणि घरात गेली. मामा म्हणाले, "झालं, गेली." बाहेर आली ती हातात सुई आणि पिवळ्याजर्द लोकरीचा एक गोंडा घेऊन.

"दुसऱ्या बुधवारपासून हा करून ठेवलाय," ती म्हणाली. "दर बाजाराला न्यायची. वाटायचं, माणसाला वरून थंडी लागत असेल, बसवून द्यावा. पण तुम्ही बाटली घेतली की पळायचात. परक्या माणसाला हाक मारून 'तुमच्या टोपीला भोक आहे' असं सांगायचं तरी कसं?"

तिथंच, पोह्यांच्या ट्रेशेजारी बसून तिनं गोंडा शिवला. तपकिरी टोपीवर पिवळाधमक. दातांनी दोरा तोडला आणि टोपी माझ्या हातात न देता सरळ माझ्या डोक्यावर घातली, सुजलेल्या कानाला जपून.

"बाबा, सोमवारच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगा," ती म्हणाली.

परतताना दादा गाडी चालवत होता. घाटात ऊन मी म्हणत होतं, जीपचा पत्रा तापला होता, आणि घाम माझ्या कानांवरून खाली ओघळत होता.

"काढ की ती टोपी," दादा म्हणाला. "उकडून मरशील."

"नाही," मी म्हणालो, आणि वाईपर्यंत ती काढली नाही.